भरलेला फोन आणि घरची ठेव

पावसाळा तोंडावर आला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील गृहिणींस पुरुमेंताचे वेध लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मासळी, मिरच्या व कांद्यांच्या माळा घरी येतात. परंतु नवा माल आत घेण्यापूर्वी शहाणी गृहिणी माळा झाडून काढते. जे किडले ते टाकते, जे टिकेल ते पुसून ठेवते, आणि पेरणीचे बियाणे मात्र केरात जाणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेते. हीच दक्षता आपण आपल्या हातातील स्मार्टफोनच्या बाबतीत दाखवतो काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फोनमधील जागा संपल्याची सूचना बहुधा भलत्याच वेळी येते. फेस्ताची प्रोसेशन चर्चच्या दाराशी आलेली असते, किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा आपल्या नवजात बाळाचे छायाचित्र पाठवीत असतो, आणि फोन म्हणतो, जागा नाही. मग घाईघाईने हाताला लागेल ते पुसले जाते. नको ते राहते आणि हवे ते जाते.

हा त्रास एकट्यादुकट्याचा नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अमेरिकी वृत्तपत्राने यावर एक वृत्तान्त छापला होता. भारतीयांचे फोन इतके का तुंबतात याचा गूगलच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा फुले, सूर्योदय व सुविचार असलेली ‘गुड मॉर्निंग’ची चित्रे हे एक मोठे कारण आढळले. भारतात दर तिघांपैकी एकाच्या फोनमधील जागा रोजच संपते, अमेरिकेत हे प्रमाण दहांत एक आहे, असेही साठवणीची साधने बनविणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या आधारे त्यात म्हटले होते.

आता वजनकाट्याकडे वळू. फोनमधील माल केबी, एमबी व जीबी या मापांनी मोजतात. सुमारे हजार केबींचा एक एमबी आणि सुमारे हजार एमबींचा एक जीबी. शुभेच्छेचे एक चित्र साधारण शंभर केबींचे असते. फोनने काढलेले छायाचित्र तीनचार एमबींचे भरते. चांगल्या प्रतीची एका मिनिटाची चित्रफीत मात्र शंभर एमबींच्या घरात जाते, म्हणजे दहा मिनिटांच्या प्रोसेशनला एक जीबी लागतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने जे पहिले तबकड्यांचे कोठार बाजारात आणले, त्याचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजचे एखादे छायाचित्र आत गेले असते की ते भरलेच असते!

याच काट्यावर दुसरी एक वस्तू ठेवून पाहा. परलोकवासी झालेल्या वडिलांनी कधी काळी पाठविलेला अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप: ‘बाळ, जेवलास काय?’ त्याचे वजन शंभर केबींच्या आसपासच. तो पुसून जागा जवळजवळ काहीच मिळत नाही. पण एकदा गेला की जगातील कोणताही बाजार तो परत देऊ शकत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की फोन रिकामा करताना ‘जुने काय आहे’ हे पाहू नये, ‘जड काय आहे’ हे पाहावे. जुनी संभाषणे सरसकट पुसणे हा सर्वांत घातक मार्ग होय.

जड माल शोधणे कठीण नाही. व्हॉट्सॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ व त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ असे सदर आहे. पाच एमबींहून मोठ्या वस्तू व अनेकदा पुढे ढकललेल्या वस्तू तेथे वेगळ्या काढून दाखविल्या जातात. पहिली कात्री तेथे चालवावी. त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये माल आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते, म्हणजे उद्याचा केर आजच थांबतो. त्यानंतर न वापरलेली ॲप काढावीत.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे ॲपने तात्पुरता जमविलेला पालापाचोळा झाडणे. त्यात धोका नाही. परंतु त्याच्याच शेजारी असलेले ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ हे बटण दाबले तर ॲपमधील सारेच जाते. दुसरे असे की पुसलेली छायाचित्रे प्रथम कचरापेटीत जातात आणि तेथे जागा अडवून बसतात. आयफोनमध्ये ती सुमारे तीस दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये ज्यांची प्रत गूगलकडे गेली आहे ती साठ दिवस व इतर तीस दिवस राहतात. चूक सुधारण्याची मुदत तेवढीच.

गूगल फोटोजविषयी आणखी एक गैरसमज आढळतो. तेथे प्रत गेली, आता येथले पुसू, असे म्हणून पुष्कळजण त्याच ॲपमधून चित्र पुसतात, आणि ते दोन्हीकडून नाहीसे होते. फोनपुरतेच काढायचे असेल तर ‘फ्री अप स्पेस’ ही सोय वापरावी. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद फुकट साठवणही संपली असून ईमेलसह सर्व मिळून पंधरा जीबीच विनामूल्य मिळतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. आवाजी निरोप तर या छायाचित्रांच्या साठवणीत जातच नाहीत.

यास्तव ज्याची दुसरी प्रत जगात नाही असे सर्व काही आधी दोन ठिकाणी ठेवावे, मगच झाडूस हात घालावा. थोरल्यांचे आवाज, बाप्तिस्मा व विवाहाच्या चित्रफिती, पाडलेल्या जुन्या घराचे छायाचित्र, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचा काढून ठेवलेला फोटो, हे सारे संगणकावर व एका पेनड्राइव्हवर उतरवावे. पेनड्राइव्ह व मेमरी कार्डही बिघडतात. म्हणून एकावर विसंबू नये.

शेवटी एक कौटुंबिक सूचना. पुष्कळ घरांत हे काम नातवंडांकडे येते. त्यांचे बोट चपळ असते, परंतु कोणता आवाज कोणाचा हे त्यांस ठाऊक नसते. तेव्हा एखाद्या रविवारी दुपारी नातवाने आजीशेजारी बसावे, प्रत्येक जुना निरोप तिला ऐकवावा व ‘हा ठेवू काय?’ असे विचारावे. तासाभरात फोन हलका होईल. आणि आपल्या पणजोबांचा आवाज कसा होता, हेही त्या मुलाला कदाचित त्याच दुपारी प्रथम कळेल.