कराराच्या कागदावर वऱ्हाडचा कापूस

19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले. ही सवलत आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे वऱ्हाडातल्या खामगाव-मलकापूरच्या बाजारात नवा माल उतरण्याच्या ऐन दिवसांत. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर लादला होता, गिरण्यांना आधार हवा होता, हे मान्य. पण त्याचा भुर्दंड पऱ्हाटीवाल्या कास्तकाराने का सोसायचा?

प्रश्न जुनाच आहे. 1932 साली ओटावा परिषदेत ब्रिटिश साम्राज्यांतर्गत व्यापार सवलतींचा करार झाला. पुण्यात भारत सेवक समाजाच्या छायेत 1930 मध्ये सुरू झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था तेव्हा अगदी नवी होती. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ जेमतेम 31 वर्षांचे, नागपुरात शिकलेले. त्याच वर्षी त्यांनी या कराराची फेरतपासणी करणारे पुस्तक संस्थेतर्फे काढले. राज्य परक्याचे असताना हे धाडस! लगेच 1933 मध्ये भारताने जपानी कापडावर कर चढवला आणि जपानी गिरण्यांनी आपली रुई घेणे थांबवले. 1934 मध्ये तडजोड झाली. जपानने 15 लाख गाठी उचलल्या तर त्याला 40 कोटी वार कापड इथे विकता येणार होते. आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाचे नशीब असे दूरच्या टेबलावर ठरत होते.

मधली वर्षे ओलांडून मी पाहिलेल्या दशकाकडे, 1996 ते 2006 कडे, येतो. कापूस फक्त राज्य सरकारलाच विकायचा, अशी एकाधिकार खरेदी योजना 1972 ची. हेतू चांगला, पण शेवटी तिची रया गेली. संकलन केंद्राच्या फाटकाबाहेर रात्रभर बैलगाड्या उभ्या, गाडीवान कापसावरच आडवा. सकाळी ग्रेडर कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस ओढायचा. कवडी म्हणजे किडका कापूस दिसला की प्रत खाली. वाद घालून उपयोग नव्हता, माल माघारी नेऊन विकायचा कुठे? चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे, तोवर सावकाराचे व्याज चालूच. त्या ग्रेडरांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

2002 मध्ये बीटी बियाणे आले. त्याच साली अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि पुढे खटला जिंकला. आमच्या बाजूने तसा आकडेवार हिशेब मांडलेला कागद गावापर्यंत कधी पोचला नाही. पोचल्या त्या आत्महत्यांच्या बातम्या, आणि 2006 मध्ये बुलढाण्यासह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज.

गाडगीळांची संस्था आज आहे. पण अलीकडे तिचे नाव संशोधनापेक्षा पदांवरच्या वादांमुळे वर्तमानपत्रात येते, याचे दुःख होते. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव 7,710 रुपये जाहीर झाला आणि शुल्कही उठले. या दोहोंतून खामगावच्या कास्तकाराच्या पदरी नक्की काय पडणार, ते कुणीतरी मांडायला हवे होते. मराठीत, आणि शुल्कमाफीची अधिसूचना निघायच्या आधी.