समोरच्याने सगळं लावलं, आता?

टेरी रॉजर्स या डब्लिनच्या बुकीने १९८० मध्ये सुरू केलेली आयरिश पोकर ओपन अजून भरते. दिवाळीला तीन पत्ती खेळणाऱ्या आपल्यालाही तिथला एक हिशेब उपयोगी पडेल.

मधे १०० युरो आहेत. समोरच्याने उरलेले ५० लावून ‘ऑल-इन’ केलं. तुम्ही ५० घातले की डाव २०० चा, म्हणजे चारांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. आधी घातलेले पैसे मोजू नका, ते आता तुमचे नाहीत. हातात दोन बदाम, टेबलावरच्या तीन पानांत दोन. अजून दोन पानं उघडायचीत, पाचवा बदाम यायची शक्यता साधारण ३५ टक्के. घ्या! एकच पान उरलं असेल तर जेमतेम २०. सोडून द्या. समोरच्याकडे तुमच्याहून मोठे बदाम असल्याचा वास आला, तर त्या ३५ मधूनही थोडे कापा.