लकव्यानंतरचा खांदा

लकवा येऊन गेल्यावर त्या बाजूचा खांदा पुष्कळदा महिनोन्महिने दुखतो. सैल पडलेल्या स्नायूंना हाताचे वजन पेलत नाही, हाड खोबणीतून खाली सरकते. म्हणून उठवताना तो हात ओढू नये, काखेत धरून उचलू नये. घरची माणसे मायेने नेमके तेच करतात! बसल्यावर हाताखाली उशी द्यावी. सदरा घालताना बाही आधी त्याच हातात चढवावी.

स्पर्शही बदलतो. गरम पाणी कळत नाही, म्हणून ते चांगल्या हाताने पाहावे. डावा हात बधिर असेल तर तेफिलीनचा पट्टा किती आवळला, हे डोळ्यांनी पाहावे. उलट काहींना इथल्या हिवाळ्यातला गार वारा लागला तरी हातात आग होते. ते दुखणे मेंदूतले आहे, मनाचे खेळ नव्हेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

न्यूझीलंडात लकवा आजार गणला जातो, त्याला एसीसीची भरपाई सहसा मिळत नाही. पण पडून खांद्याला मार बसला, तर अर्ज जरूर करावा.