मौन म्हणजे संमती?

शाळकरी मुले धूम्रपान करतात का, वर्गात त्यांचा छळ होतो का, त्यांना सतत उदास वाटते का, अशा प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी अनेक देशांतील शाळांमधून गोळा केली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणारे शालेय मुलांच्या आरोग्यवर्तनाचे सर्वेक्षण १९८२ मध्ये इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी सुरू केले. ११, १३ व १५ वर्षे वयाची मुले त्यात दर चार वर्षांनी सहभागी होतात. २०२१-२२ च्या फेरीत ४४ देश व प्रदेशांतील सुमारे २ लाख ८० हजार मुलांनी उत्तरे दिली.

मूळ प्रश्न सर्वत्र समान असले, तरी संमतीची पद्धत समान नाही. काही ठिकाणी पालकांच्या सहीशिवाय मुलाच्या हाती प्रश्नावली दिली जात नाही. काही ठिकाणी घरी केवळ पत्र जाते व नकार न कळवल्यास होकार गृहीत धरला जातो. पहिल्या पद्धतीला सक्रिय, तर दुसरीला निष्क्रिय संमती म्हणतात.

वरकरणी पहिली पद्धत निर्दोष वाटते. मात्र न परतलेला कागद म्हणजे नेहमीच नकार नव्हे. तो दप्तरातही राहिलेला असतो. या पद्धतीत सहभाग घटतो आणि ज्यांची चिंता करावी अशीच मुले अनेकदा गळतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. मग एखाद्या देशातील व्यसनाचे प्रमाण खरोखर कमी की केवळ कमी दिसते, हे ठरवणे अवघड होते. उलट, निष्क्रिय पद्धतीत पत्र न वाचलेल्या पालकाचे मौनही होकारात मोजले जाते.

या वादात मूल विसरले जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही पालकांच्या संमतीसोबत सात वर्षांवरील मुलाची स्वतंत्र अनुमती मागतात. परंतु शिक्षक समोर उभे असताना 'सहभाग ऐच्छिक आहे' या वाक्याला कितपत अर्थ उरतो? म्हणूनच निनावी प्रश्नावली, बंद पाकीट आणि नको तो प्रश्न सोडण्याची मुभा या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

निनावीपणाचीही एक किंमत आहे. आपण संकटात आहोत, असे लिहिणाऱ्या मुलापर्यंत नंतर पोहोचता येत नाही. त्यामुळे मदत कोठे मिळेल, हे प्रत्येकाला आधीच सांगणे संशोधकांचे कर्तव्य ठरते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाची भारतातील फेरी पार पाडली. त्यात ९८७ शाळांतील ९७,३०२ विद्यार्थी होते. १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करत असल्याचे त्यातून समोर आले. असे आकडे धोरणांना दिशा देतात. म्हणूनच दोन देशांची तुलना करताना, मुले कोणत्या संमतीने बोलली, हेही आकड्यांच्या शेजारी नोंदवले गेले पाहिजे.