बोटाखालचे अडीच किलो

अमेरिकेत सेकंडहँड पिस्तूल घेतलं की त्याच्यासोबत आधीच्या मालकाची हौसही घरी येते. बहुतेकदा ती ट्रिगरमध्ये दडलेली असते. कुणी चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रिगर बसवलेला असतो, कुणी दोन स्प्रिंगा बदललेल्या असतात. मग एक दिवस रेंजवर ‘टिक’ होतं आणि बार उडतच नाही. या इवल्याशा भागाच्या काही भन्नाट गोष्टी इथे आहेत. त्यातल्या बऱ्याचशा दोष शोधतानाही कामी येतात.

पिस्तुलापेक्षा ट्रिगर भारी

ग्लॉक १७ हे पिस्तूल गोळ्यांसकट भरलं तरी त्याचं वजन जेमतेम ९०० ग्रॅमच्या आसपास. कारखान्यातून येताना त्याचा ट्रिगर मात्र साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोंचा असतो. हातातल्या वस्तूच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोर एका बोटाने लावायचा आणि वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही! ट्रिगर बदलण्याची हौस इथूनच सुरू होते.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी नेमकं उलट केलं. १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून ग्लॉकसारखी नवी पिस्तुलं घेताना त्यांनी ट्रिगर मुद्दाम १२ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंपर्यंत जड करून घेतले. कारण एकच: घाबरलेल्या बोटाने चुकून गोळी सुटू नये. त्यासाठी बसवलेल्या जड स्प्रिंगेला अमेरिकेत आजही ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ म्हणतात. तुमच्या जुन्या ग्लॉकचा ट्रिगर दगडासारखा लागत असेल तर तो बिघाड नसेलही. कदाचित ते पिस्तूल एखाद्या पोलिसाच्या कमरेला राहिलेलं असेल.

स्प्रिंग जोरदार, ट्रिगर हलका

सगळ्यांत मोठी गंमत ही. स्प्रिंग नरम केली की ट्रिगर हलका होणार, असं कुणालाही वाटेल. पण ग्लॉकमध्ये ट्रिगरची नेहमीची स्प्रिंग बोटाच्या विरुद्ध नसते, ती बोटाच्याच बाजूने ओढते. बोटाला विरोध करते ती स्ट्रायकरची, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या दांडीची स्प्रिंग. दोघींची कायमची रस्सीखेच चालू असते. त्यामुळे ट्रिगरची स्प्रिंग जास्त जोरदार बसवली की बोटाला कमी जोर लावावा लागतो.

आता हौशी मालक काय करतो? एकीकडे ट्रिगरची स्प्रिंग जोरदार घेतो, दुसरीकडे स्ट्रायकरची नरम. दोन्ही बाजूंनी हलकेपणा हवा असतो ना! पण गोळी सुटल्यावर ट्रिगरला पुन्हा पुढे आणायचं काम स्ट्रायकरच्या स्प्रिंगेकडेच असतं. ती दुबळी पडली की ट्रिगर मागेच लोळत राहतो. नवा ट्रिगर खराब निघाला म्हणून त्याला दोष देण्याआधी या दोन स्प्रिंगा तपासाव्यात.

‘पंचवीस सेंटांचं ट्रिगर-काम’ नावाची एक लोकप्रिय युक्तीही याच पिस्तुलाची. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग नुसते चकाकेपर्यंत पॉलिश करायचे आणि धातू अजिबात झिजवायचा नाही. मला हा सगळ्या सुधारणांमधला सर्वांत शहाणा प्रकार वाटतो, कारण त्यात मूळ भाग मूळच राहतात. जास्त जोर लावून कडा गोल केल्या, तर मात्र तो भाग कायमचा गेला.

टिक झालं, बार नाही

असं झालं की पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण एखादी गोळी उशिराने उडू शकते. मग ती बाहेर काढून तिच्या बुडाकडचा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बघायचा. ठसा उथळ असेल तर स्ट्रायकरचा फटका कमी पडतोय. स्प्रिंग नरम केलेली असेल, नाहीतर स्ट्रायकरच्या नळीत तेल आणि काजळीचा चिखल झाला असेल. ती नळी कोरडीच ठेवायची असते, पण प्रेमाने तेल पाजणारे मालक कमी नाहीत.

आणि प्रायमरही सगळे सारखे नसतात. अमेरिकेतल्या नेमबाजांच्या अनुभवात फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ आणि सीसीआयचे कडक. स्पर्धेसाठी ट्रिगर अगदी हलका केलेले रिव्हॉल्व्हरवाले म्हणून फेडरलच शोधत फिरतात. दोष पिस्तुलाचा की गोळीचा, हे कळायला कधीकधी वेगळ्या कंपनीची एक पेटी पुरते.

अर्ध्या मिलिमीटरवर सगळं

जॉन ब्राउनिंगचं १९११ हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने त्याच वर्षी स्वीकारलं. त्याचा ट्रिगर खिळीवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो. स्पर्धेसाठी तयार केलेल्या १९११ मध्ये ताणलेला हॅमर, म्हणजे घोडा, ज्या खाचेवर अडतो, ती खाच असते जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच! तिथे कानस चालवणारा नवशिका खेळतो तो थेट जिवाशी. स्लाइड (वरचा सरकता भाग) बंद होताना हॅमर तिच्या मागोमाग खाली आला, किंवा एका ओढीत दोन बार उडाले, तर त्या पिस्तुलात पुन्हा गोळी भरायची नाही. ते सरळ गनस्मिथकडे द्यायचं.

याच पिस्तुलाची पेन्सिल-परीक्षा मजेदार आहे. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. नळी वर धरून तिच्यात पेन्सिल खोडरबराकडून सोडायची आणि ट्रिगर ओढायचा. पेन्सिल टुणकन बाहेर उडाली तर फायरिंग पिन नीट पोचतेय.

पडलं आणि सुटलं

२०१७ मध्ये सिग कंपनीचं पी-३२० विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडलं तर बार उडू शकतो, असं चाचण्यांत दिसलं. पिस्तूल आपटून थांबायचं, पण त्याचा जड ट्रिगर गतीमुळे मागे जातच राहायचा. कंपनीने ऑगस्टमध्ये बदल देऊ केले. त्यात स्ट्रायकर, सिअर (स्ट्रायकरला अडवून धरणारा भाग) आणि ट्रिगर यांचंच वजन कमी केलं होतं. जुनं पी-३२० घेताना हा बदल झालाय का, हा पहिला प्रश्न.

तिकडे शिआन, इकडे कोल्हापूर

सुटे भाग एकमेकांत बसण्याची कटकट बावीसशे वर्षं जुनी आहे. चीनमध्ये शिआनजवळ मातीच्या सैन्यासोबत पुरलेल्या आडव्या धनुष्यांचे (क्रॉसबोंचे) काशाचे ट्रिगर संशोधकांनी मोजले, तेव्हा त्यांत लहान लहान गट सापडले. प्रत्येक गटाचे भाग आपसात जुळणारे होते, दुसऱ्या गटापेक्षा किंचित वेगळे.

हलकेपणाचं म्हणाल, तर ऑलिम्पिक पिस्तुलांच्या जगात त्यालाही तळ असतो: १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरला १००० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. वजन वर येण्याआधीच ट्रिगर सुटला तर तो हलका ठरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते याच १००० ग्रॅमच्या नियमात. अडीच किलो अवघड वाटणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की अव्वल नेमबाजही शून्यावर येत नाहीत.

टपालाने येणारा ट्रिगर

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पिस्तुलाची फ्रेम म्हणजे शस्त्र, ट्रिगर हा साधा सुटा भाग. म्हणून तो टपालाने घरी येतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांचे भागही शस्त्रातच धरले आहेत आणि दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. इथे हा घरगुती उद्योग नाहीच, परवानाधारक कारागीर गाठायचा.

अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांना एक विनंती. जुनं पिस्तूल घेताना विकणाऱ्याकडून मूळ ट्रिगर आणि मूळ स्प्रिंगा मागून घ्या. साधा बिघाड झाला तर आधी तेच भाग परत बसवून बघा, आणि ते बसवूनही दोष गेला नाही तर पिस्तूल गनस्मिथच्या हाती द्या.