एका वायरीचा गिअरबॉक्स

तेलटंचाईने हैराण झालेल्या अमेरिकेने १९७४ साली हमरस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरवर आणली. त्या काळातल्या मोटरहोमना ती चांगलीच मानवली. जनरल मोटर्सच्या पी-३० चॅसीवर उभी राहिलेली ही चाकांवरची घरं जड, चौकोनी आणि वारा अंगावर घेणारी होती. पुढे मोठं व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि त्यामागे टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. पंचावन्नच्या चालीत त्याला चौथ्या गिअरची उणीव भासत नव्हती. १९८७ साली गावाबाहेरच्या आंतरराज्य मार्गांवर ६५ ची मुभा मिळाली, १९९५ साली केंद्राची मर्यादाच उठली. आता त्याच तिसऱ्या गिअरमध्ये रहदारीबरोबर राहायचं तर इंजिन दिवसभर ओरडत राहायचं, आणि पेट्रोलचा काटा बघवत नसे. गाडी अजून धडधाकट आहे, मग गिअरबॉक्सच बदलू या, असं मालकांच्या मनात येऊ लागलं.

पर्याय घरातलाच होता. १९९१ मध्ये जनरल मोटर्सने ४एल८०-ई आणला. तो ४०० चाच वारसदार: पहिल्या तीन गिअरची गुणोत्तरं तीच, २.४८, १.४८ आणि १, वर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह. चौथ्यात इंजिनाचे फेरे पाव हिश्शाने उतरतात, शिवाय टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत असल्यामुळे त्यातली घसरण आणि तिची उष्णताही वाचते. नवा गिअरबॉक्स लांबीला जास्त, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून घ्यायचा आणि खालचा आधार मागे सरकवायचा. हे वेल्डिंगवाल्याचं काम, त्यात डोकेदुखी फारशी नाही. डोकेदुखी त्या नावाच्या शेवटी असलेल्या 'ई'मध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात.

१९६४ चा ४०० एका अर्थाने स्वयंभू होता. इंजिनावर भार किती, हे त्याला व्हॅक्यूमच्या नळीतून कळायचं. गाडीचा वेग फिरत्या वजनांचा गव्हर्नर सांगायचा. उरली ती एक वायर: अॅक्सिलरेटर तळाला गेला की एक स्विच लागे, आतल्या सोलेनॉइडला बारा व्होल्ट मिळत आणि गिअर खाली उतरे. बाकी सगळा निर्णय तेलाच्या दाबाचा. ती वायर तुटली, तरी घाटात जोर कमी वाटण्यापलीकडे फारसं बिघडत नसे.

४एल८०-ई मध्ये हा निर्णय बाहेरच्या कॉम्प्युटरकडे गेला. गिअर बदलणारे दोन सोलेनॉइड, तेलाचा दाब राखणारा एक, कन्व्हर्टर लॉक करणारा एक. त्यांच्या जोडीला दाबाचे स्विच, तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि आत येणारा व बाहेर जाणारा वेग मोजणारे दोन वेगळे सेन्सर. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाकडे मात्र या कॉम्प्युटरला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पुढे निव्वळ गिअरबॉक्स सांभाळणारे स्वतंत्र कंट्रोलर बाजारात आले, तेव्हा कुठे हे काम घरच्या गॅरेजात शक्य झालं. तरीही कार्ब्युरेटरला पट्टी ठोकून थ्रॉटल सेन्सर बसवावा लागतोच. पाय वर असताना अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास, आणि मधली चढण सलग हवी. ती अडखळली की गिअरही अडखळतात. ब्रेक लाइटच्या स्विचची वायरही कंट्रोलरपर्यंत न्यायची, कारण ब्रेक दाबताच कन्व्हर्टरचं लॉक सुटायला हवं.

या गिअरबॉक्सची एक गोष्ट मला मनापासून आवडते. वीज पूर्ण गेली की तो दुसऱ्या गिअरमध्ये आणि तेलाच्या पूर्ण दाबावर जातो. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद म्हणजे दुसरा गिअर, ही रचना मुद्दामच तशी आखलेली. क्लच घसरून जळत नाहीत, गाडी रखडत का होईना गॅरेज गाठते. पण नेमकी हीच लक्षणं, दणका देत पडणारा गिअर आणि दुसऱ्याच्या वर न जाणं, पाहून 'गिअरबॉक्स बसला' असा निकाल देणारेही कमी नाहीत. हजारो डॉलरचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी फ्यूज आणि अर्थ तपासायला काही मिनिटं पुरतात. अर्थचा संशय तर आधी घ्यावा. मोटरहोमची बॉडी बहुधा फायबरग्लास आणि लाकडाची, त्यामुळे परतीचा सगळा प्रवाह गंजलेल्या चॅसीवरून जातो. सेन्सरची अर्थ वायर जवळच्या कुठल्या तरी स्क्रूला अडकवण्यापेक्षा कंट्रोलरच्याच अर्थला नेलेली बरी. कंट्रोलरची अर्थ थेट बॅटरीला किंवा इंजिन ब्लॉकला, आणि तीही घराच्या दिव्या-पंख्यांच्या बॅटरीला नव्हे, गाडीच्या.

स्पीडोमीटर तर हमखास विसरला जातो. ४०० त्याला केबल फिरवून द्यायचा. नवा फक्त विजेचे ठोके देतो. मग एकतर ठोक्यांवर चालणारा मीटर घ्या, नाहीतर ठोक्यांवरून जुनी केबल फिरवणारी छोटी मोटर बसवा.

भारी पी-३० गाड्यांत आणखी एक मेख आहे: ऑटोपार्क. लिव्हर पार्कमध्ये नेला की प्रॉपेलर शाफ्टवरचा ड्रम ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो आणि हायड्रॉलिक दाबानेच सुटतो. हा दाब पाहणारा एक हिरवा स्विच मालकवर्गात 'सडका हिरवा स्विच' म्हणूनच ओळखला जातो, कारण तो गेला की दाब उतरतो आणि चालत्या गाडीतही ब्रेक लागू शकतो. नवं वायरिंग ओढताना या जुन्या वायरी 'कशाच्या आहेत कोण जाणे' म्हणून कापल्या, तर गाडी एकतर जागची हलणार नाही किंवा उतारावर उभी राहणार नाही. कटर हातात घेण्यापूर्वी त्या वायरींना चिठ्ठ्या बांधून ठेवाव्यात. आणि वर्षातून दोनदा तळ्याकाठी जाऊन येणाऱ्या मालकाने या भानगडीत पडूच नये. त्याला जुना ४०० पुरेसा आहे.