शिअर वॉल : काँक्रीटच्या इमारतीचा भूकंपातील आधार



नियोजित भक्तनिवासाच्या नकाशात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या चार भिंती दाखविल्या आहेत. त्यांमुळे वाहनतळाची जागा घटते व खर्चही वाढतो. तेव्हा त्या गाळाव्यात, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. अभियंत्यांशी चर्चा करून आम्हांस जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

माळव्यात कसला भूकंप, असे आपणांस वाटते. परंतु भारतीय मानक ब्यूरोच्या 2002 व 2016 सालच्या भूकंपविषयक संहितांत इंदूरचा समावेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम तीव्रतेच्या विभागात आहे. 22 मे 1997 रोजी नर्मदाकाठचे जबलपूर हादरले, हेही विस्मरणात जाऊ नये.

भूकंपात जमीन मुख्यतः आडवी हलते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे मजले मात्र जडत्वामुळे मागे राहू पाहतात. या ओढाताणीतून इमारतीवर आडवा जोर येतो. इमारत जितकी जड, तितका तो अधिक. खांब उभे वजन उत्तम पेलतात. पण आडव्या जोराने ते वाकतात आणि बीमशी असलेले त्यांचे सांधे तडकतात.

एक पुठ्ठा उभा धरून पाहावा. समोरून दाबल्यास तो सहज वाकतो. त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलल्यास ताठ राहतो. शिअर वॉलचे तत्त्व हेच. स्लॅब प्रत्येक मजल्याचा आडवा जोर गोळा करून भिंतीकडे नेते आणि भिंत तो पायात उतरविते. भिंत आपल्या लांबीच्या दिशेनेच बळकट असल्याने अशा भिंती दोन्ही दिशांना लागतात. त्या एकाच बाजूस असल्या, तर इमारतीस पीळ बसतो. त्या पायापासून वरपर्यंत अखंड असाव्यात, पायाही तितकाच भक्कम असावा आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना सळया दाट बांधाव्यात. कारण जोर भिंतीस उलथवू पाहतो, तेव्हा खरा ताण टोकांवरच येतो.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींच्या वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती होत्या, खाली मात्र वाहनांसाठी नुसते खांब. काही ठिकाणी लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती होत्या. पण स्लॅबशी त्यांची जोडणी दुबळी असल्याने इमारत त्यांपासून सुटून पडली. भिंत असणे पुरेसे नाही. ती साऱ्या इमारतीशी एकजीव असावी लागते. याउलट, 1985 साली चिली देशातील मोठ्या भूकंपात अशा भिंती असलेल्या बऱ्याच इमारतींचे फारसे नुकसान झाले नाही.

आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, तर वरचे चार लाकडी. म्हणजे खाली भक्कम, वर हलके. खालचा मजला पोकळ ठेवून वर भार चढविणे हे नेमके याच्या उलट होय.

शिअर वॉल असली म्हणजे इमारतीस तडाच जाणार नाही, असे नव्हे. इमारतीचे हेलकावे मर्यादेत राहून आतील माणसे सुखरूप बाहेर यावीत, हा तिचा हेतू. भक्तनिवासात रात्री शेकडो भाविक निजतील; त्यांच्या जिवापुढे आठ-दहा वाहनांच्या जागेचे मोल ते काय? म्हणून चारही भिंती कायम ठेवण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला आहे.

सदनिकांत राहणाऱ्या भाविकांसही विनंती, की वाहनतळातील अथवा लिफ्टभोवतीची काँक्रीटची भिंत अभियंत्याच्या लेखी सल्ल्याविना फोडू नये. दरवाजाएवढे भगदाडही घातक ठरू शकते.

आपले नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता